बांधावरच्या विहिरीचं केंद्र

मी केंद्र बोलतोय. 'बोलतंय' म्हणायला हवं, असं एखादा मास्तर म्हणेल. म्हणू दे. मी शब्द आहे आणि वयाने त्याच्यापेक्षा मोठा आहे.

मी शाळा शिकलेलो नाही. शाळेत मला शिकवतात.

वहीवर कंपासचं टोक रोवून मुलं वर्तुळ काढतात. पुढे वर्तुळ खोडरबराने पुसलं जातं, पण कागदाला पडलेलं बारीक भोक राहतं. ते भोक म्हणजे मी. मला लांबी नाही, रुंदी नाही, वजन नाही. जागा तेवढी आहे. एवढ्याशा मालमत्तेवर मी आजवर ताठ उभा आहे.

माझा जन्म फार लांबच्या मुलखात झाला, ग्रीक लोकांच्या देशात. तिथे मला केंट्रोन म्हणायचे. अर्थ साधा, टोचणारं टोक. बैल अडला की हाकणारा काठीचं टोक त्याच्या मांडीला लावायचा. आपल्याकडे पराणीला पुढे लोखंडाची आर असते ना, तेच मी. म्हणजे मी शेतात जन्मलो, बैलाच्या मागे. हे मी लपवत नाही. पुढे मी फार मोठ्या लोकांत बसलो उठलो, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

त्या देशात वर्तुळं काढणारी विद्वान माणसं होती. त्यांना असं एक टोक हवं होतं, की एक पाय रोवायचा आणि दुसरा त्याच्याभोवती फिरवायचा. रोवलेल्या टोकाला त्यांनी माझं नाव दिलं. मग टोकाने जिथे टोचलं त्या जागेलाच ते नाव पडलं. तेव्हापासून मी बैलांना टोचणं सोडलं.

ग्रहताऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी मला उचललं आणि त्यांच्या विद्येबरोबर मी भारतात आलो. इथल्या ज्योतिषांनी माझं नाव संस्कृतात बसवलं. केंट्रोनचा केंद्र झालो. कुंडलीत पहिलं, चौथं, सातवं, दहावं ही घरं माझी. गुरू केंद्रात आहे म्हटलं की मुलीचा बाप अजून सुखावतो. त्यात खरं किती, हे मला विचारू नका. मला मानाने बसवलं, मी बसलो.

माझा एक भाऊ पश्चिमेकडे गेला. आधी लॅटिन लोकांत राहिला, मग इंग्रजांत. त्याचं नाव सेंटर. रक्त एकच. आज बीड जिल्ह्यातल्या गेवराईला जा, एका गाळ्यावर 'कृषी सेवा केंद्र' दिसेल आणि शेजारच्यावर 'मोबाईल सेंटर'. मधली भिंत एक आहे, पण आजवर कुणी आमची ओळख करून दिली नाही.

दिल्लीच्या सरकारला माझं नाव आहे. अणूच्या पोटात जे बसलंय त्याला केंद्रक म्हणतात, ते माझ्याच घरातलं. भूकंप झाला की पेपरवाले माणसांच्या आधी मला शोधतात. मतदानाचं केंद्र, दूध घालायचं केंद्र, परीक्षेचं केंद्र, यांना माझी हरकत नाही. तिथे चारी बाजूंनी माणसं येतात. पण चकलांब्याच्या रस्त्याला एकाने 'दाढी-कटिंग केंद्र' अशी पाटी लावली आहे. तिथे एक खुर्ची गोल फिरते, तेवढाच माझा संबंध.

असो. पाट्यांवर मी पुष्कळ राहिलो. पण जिथे माझ्यावाचून काम अडलं, ती जागा पाटीवर नव्हती. ती एका बांधावर होती. तिची हकिगत मला सांगायची आहे.

चकलांब्याजवळ सुंदरराव आणि बंकट या दोन भावांचं रान आहे. सुंदरराव थोरला. वाटणी झाली, मध्ये बांध पडला आणि बांध कुणी किती कोरला यावरून बोलणं बंद झालं. सुंदररावला काही सांगायचं असलं तर तो आपल्या म्हशीला सांगायचा, पण बांधापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. बंकटकडे म्हैस नव्हती. तो बाभळीला सांगायचा.

त्यांच्या बायका मात्र बोलत होत्या. थोरली बायनाबाई आणि धाकटी रोहिणी. दुपारी दोघी बांधावर बसायच्या आणि एकमेकींचं कालवण खायच्या. वाटणी आमची झालेली नाही, असं बायनाबाई म्हणायची.

रोहिणी लग्न होऊन आली त्याच वर्षी दसऱ्यानंतर बंकटबरोबर ऊसतोडीला गेली. मग दर वर्षीच. कारखान्याजवळ राहायला पाचटाची कोपी, अंधारात उठून उसाचा फड गाठायचा, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. एका पावसाळ्यात तिने बंकटला सांगितलं, "यंदा कोयता न्हाई. तुती लावायची."

तुतीचा पाला खाऊन रेशमाच्या अळ्या कोष करतात. आता आपल्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रोहिणीने तुती लावली, पत्र्याचं शेड उभं केलं, हिवाळ्यात कोषाचं पहिलं पीक बीडच्या बाजारात नेऊन आली. शिमगा झाला आणि बोअर आटलं.

तुती पहिल्या उन्हाळ्यातून तरली तर पुढे कैक वर्षं पाला देते. नाही तरली तर दसऱ्याला पुन्हा ट्रक. रोहिणीचं सगळं यावर टांगलेलं होतं.

दोन्ही भावांची जमीन थोडी. एकट्याने विहीर पाडणं कुणालाच झेपणारं नव्हतं. सुंदररावची मोसंबीही सुकायला लागली होती. तेव्हा बायनाबाईने मार्ग काढला. विहीर बांधावर पाडायची, अर्धी या रानात, अर्धी त्या रानात. भावाभावांत अशा विहिरी आपल्याकडे असतात. केंद्र बरोबर बांधावर धरायचं, मग कुणी कुणाची ओंजळ मोजायला नको.

पाणी शोधणारा पाणाड्या आला. तळहातावर नारळ ठेवून बांधावरून चालत गेला. एका जागी नारळ उभा राहिला. नारळ उभा का राहतो, यात मी पडत नाही. तिथे खुंटी ठोकली, कुंकू लावलं. ती खुंटी म्हणजे मी. तिला दोरी बांधून चुन्याच्या फक्कीने गोल आखला, तेव्हा दोन्ही भाऊ आपापल्या रानात उभे राहून माझ्याकडे बघत होते. एकमेकांकडे नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका. विहीर खणायला लागलं की पहिली निघते ती केंद्राची खुंटी. तिच्याखालचीच माती काढायची असते. मग मी राहू कुठे? त्यासाठी गोलाबाहेर चार खुंट्या मारतात. इथे दोन बांधावर मारल्या, गोलाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. तिसरी सुंदररावच्या रानात, चौथी बंकटच्या. समोरासमोरच्या खुंट्यांना दोऱ्या ताणायच्या. दोन्ही दोऱ्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, खाली सोडायचा. ओळंबा टेकेल तिथे मी. विहीर कितीही खोल जाऊ दे, माझी जागा अशी वरून खाली नेता येते.

विहीर पाडणाऱ्या टोळीचा म्होरक्या म्हाळू. तो मला सेंटर म्हणतो. भावाच्या नावाने हाक मारली तरी मी ओ देतो. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं, "रोज सकाळी दोन्ही दोऱ्या ताणायच्या, मालक. न्हाईतर विहीर पळती."

बांधावरची दोरी टोळीचीच माणसं ताणायची. आडवी दोरी मात्र दोन्ही रानांतून जायची. सुंदररावने आपल्या खुंटीजवळ बाज टाकली. बंकटने आपल्या खुंटीजवळ दगड लोटत आणला आणि त्यावर बसला. दुसऱ्याने येऊन खुंटी सरकवू नये म्हणून दोघं दिवसभर राखण करायचे. जेवणसुद्धा तिथेच.

"दोरी बांधू द्या, मालक," म्हाळू म्हणाला.

"आधी तिकडं बांध," सुंदरराव म्हशीकडे बघत म्हणाला. "त्याची खुंटी जागेवर हाय का बघतो, मग इकडं हात लावू देईन."

म्हाळू वळसा घालून बंकटकडे गेला.

"आधी त्यांना बांधू दे," बंकट बाभळीला म्हणाला. "आमी कावून आधी बांधावी?"

म्हाळू पुन्हा इकडे आला, पुन्हा तिकडे गेला. उन्हात त्याला किती वळसे घालावे लागले ते सांगत नाही. शेवटी त्याने दोरीचं रीळ आपटलं. "जाऊ द्या बे," तो आपल्या माणसांना म्हणाला. "बांधावर तर हाय ना विहीर? मग बांधावरची दोरी बास झाली."

इथे तोही चुकला. बांधावरच्या दोरीने मी बांधावर आहे एवढं कळतं. बांधावर कुठे, ते कळत नाही. एका दोरीवर मी सापडत नाही. सापडायचा नाही. राजाने बोलावलं तरी नाही.

माती संपली, मुरूम संपला, खडक लागला. बांध जिकडे ओढ्याला जाऊन मिळतो त्या अंगाचा खडक ठिसूळ होता. खणणाऱ्याची पहार सोप्या बाजूला वळते, त्यात कुणाचा लबाडपणा नसतो. विहीर तिकडे पोटात जात राहिली. वरून गोल तसाच दिसत होता.

एके दिवशी ओढ्याच्या अंगाचा वरचा काठ सुटला. मातीचा मोठा लपका खाली आला. खाली काम करणारा माणूस थोडक्यात वाचला. म्हाळूने सगळ्यांना वर काढलं, क्रेन बंद केली आणि डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं.

"विहीर पळाली," तो म्हणाला. "काठ अजून सुटंल. मला सेंटर दिल्याबिगर माझा माणूस आत उतरणार न्हाई."

अभिमान वाटायचाच तर मला त्या क्षणाचा वाटतो. क्रेन होती, पहारी होत्या, सुरुंगाची दारू होती, तयार माणसं होती. मी नव्हतो. काम थांबलं.

सुंदरराव बाजेवरून उठून म्हशीजवळ गेला. "ऐकलंस का? टोळीला रोज चहा पाजून काही लोकांनी विहीर आपल्या रानात ओढून घेतली, बरं का."

बंकट बाभळीला म्हणाला, "आमच्या रानात? विहीर तर मोसंबीखाली गेलीय. वास घेत गेली आसंल."

"वासाचं कुणी काढलं रे?" सुंदरराव म्हशीवर ओरडला. म्हशीने कान हलवले.

काम बंदच राहिलं. म्हाळूची माणसं बाभळीखाली पत्ते खेळायला लागली. ऊन वाढत गेलं. तुतीचा पाला आधी कडेने पिवळा पडला, मग देठातून गळायला लागला. रोहिणी वस्तीवरून हंडे भरून आणायची. हंड्याने तुती जगत नाही हे तिला कळत होतं, तरी शेडजवळच्या ओळी तिने धरून ठेवल्या.

अशात ऊसतोडीच्या मुकादमाचा बंकटला फोन आला. यंदा जोडी येणार का, असं तो विचारत होता. "बघतो," बंकट म्हणाला. "तुती काय लई दिवस टिकंल आसं वाटत न्हाई."

रोहिणी हंडा उतरवत होती. तिने ऐकलं. हंडा तिथेच ठेवला.

आपल्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही. पदर पुढे ओढते आणि वाट देते. इतक्या वर्षांत सुंदररावने तिचा आवाज ऐकला असेल तो बांधापलीकडून, जावेशी बोलताना. ती आज सरळ म्हाळूपुढे गेली, पत्त्यांच्या शेजारी पडलेलं दोरीचं रीळ उचललं आणि येऊन नवऱ्याच्या खुंटीला दोरीचं टोक बांधायला लागली.

"अगं, आधी त्यांना बांधू दे की," बंकट म्हणाला.

"तुमी गप बसा. दगडावर बसलाव तेवढं बास हाय."

रीळ सोडत सोडत ती विहिरीला लांबून वळसा घालून सुंदररावच्या रानात शिरली. बाजेसमोर जाऊन उभी राहिली. डोक्यावर पदर होता. दोरीचं टोक पुढे केलं.

"दादा, टोक धरा."

सुंदररावने म्हशीकडे पाहिलं.

"म्हशीकडं बघू नका. मी बोलायलेय."

बायनाबाई मागून आली होती. "धरा की वो," ती म्हणाली. "दोरी हाय, साप न्हाई."

"त्यानं खुंटी हलवली आसंल तर?" सुंदररावने विचारलं. पहिल्यांदाच त्याने हे माणसाला विचारलं होतं.

"हलवली आसंल तर आत्ताच दिसंल समद्यास्नी," रोहिणी म्हणाली. "मला खुंटीचं काही न्हाई, दादा. माझी तुती मरायली. ती गेली की दसऱ्याला पुन्ना फड. तुमचं भांडण हितं बाजेवर चालतंय. त्याची मोळी मला उचलावी लागती."

बाभळीखालचे पत्ते थांबले होते.

सुंदरराव उठला. दोरी त्याने तिच्या हातातून घेतली, खुंटीला एक वेढा दिला आणि मागे रेटून ताणली. पलीकडची गाठ सुटायला लागली तसा बंकट दगडावरून उठला आणि त्यानेही आपलं टोक ओढलं. दोरी सरळ झाली. म्हाळूच्या माणसांनी बांधावरची दुसरी दोरी ताणली. विहिरीच्या तोंडावर, हवेत, दोन दोऱ्या एकमेकींना टेकल्या.

मी आलो.

म्हाळू क्रेनच्या दांड्यावरून पुढे सरकला आणि छेदावरून ओळंबा सोडला. ओळंबा बराच वेळ झुलला. मग थांबला. तो टेकला ओढ्याच्या विरुद्ध बाजूला, भिंतीच्या जवळ.

सगळे काठावरून बघत होते. विहीर सुंदररावच्या रानात गेली नव्हती आणि बंकटच्याही नाही. ती बांधाबांधाने ओढ्याकडे सरकली होती. त्या बाजूला कुणाची बाज नव्हती आणि कुणाचा दगड नव्हता.

बायनाबाईला हसू आवरेना. "दोघांनी दोन बाजू राखल्या, आन् विहीर तिसरीकडनं पळाली की वो!"

म्हाळूही हसला, पण जरा खाली बघून. सुंदरराव हसला नाही. दोरी धरून तो तसाच उभा होता. मग पलीकडे बघून म्हणाला, "बंकट्या, सैल सोडू नको. म्हाळूला खूण करू दे."

"न्हाई सोडत," बंकट म्हणाला.

वाटणीनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं ते एवढंच. ते माझ्याबद्दल होतं.

पुढे रोज सकाळी दोन्ही दोऱ्या ताणल्या गेल्या. सुटलेला काठ आधी उतरवून दगडाने बांधून घेतला, ओळंब्याजवळची भिंत मागे घेतली आणि विहीर पुन्हा माझ्याभोवती आली. उन्हाळा संपायच्या आत पाणी लागलं. फार नाही. दोन्ही मोटारी एकदम चालत नाहीत. एक दिवस मोसंबीला, एक दिवस तुतीला. तुतीच्या काही ओळी गेल्या. बाकीच्या फुटल्या.

दसरा झाला. गावातून ट्रक निघाले. मुकादमाचा पुन्हा फोन आला तेव्हा बंकटने तो रोहिणीच्या हातात दिला. ती शेडमध्ये अळ्यांना पाला टाकत होती. खांद्याने फोन कानाशी धरून म्हणाली, "आमची जोडी धरू नका. हितं पाला तोडायचाय." आणि फोन परत देऊन पुढच्या रांगेकडे गेली.

भाऊ अजूनही फार बोलत नाहीत. मोटार, वीज आणि पाण्याची पाळी, एवढ्यावरच बोलतात. मला ते पुरेसं वाटतं. जास्त बोलणाऱ्यांचंही मी पाहिलं आहे.

विहीर आता दगडाने बांधून झाली. दोऱ्या सोडल्या. सुंदररावच्या खुंटीला म्हैस बांधतात, बंकटची खुंटी शेडच्या दाराला अडसर म्हणून लागली. पाण्याच्या बरोबर मधोमध मी आहे. वरून पाहणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. दिसण्यासाठी मी कधीच नव्हतो.

तुम्हा वाचणाऱ्यांना एक सांगणं आहे. माझं नाव पाटीवर लावायचं तर खुशाल लावा. पण मी कुठे आहे यावरून तुमच्यात वाद पडला, तर आपल्या खुंटीपाशी बसून निकाल देऊ नका. उठा. दोरी घेऊन पलीकडच्या रानात जा आणि दुसरं टोक त्या माणसाच्या हातात द्या. तो आधी म्हशीकडे बघेल. बघू द्या. तुम्ही टोक पुढे धरून उभे राहा.

आता तुम्ही निघा, तुम्हाला कामं असतील. मी निरोप घेत नाही. येणं-जाणं फिरणाऱ्यांनी करावं.